पाहुण्यांसाठी थांबणारी धुलाई

मनोहरजींचा फोन आला तेव्हा शालिनी आमेरच्या गेस्टहाउसांच्या चादरींचा ढीग उपसत होती.

नवऱ्याच्या, उमाकांतच्या बदलीमुळे ती जयपूरला आली आणि त्याच्या निवृत्तीनंतरही दोघं जवाहर नगरातच राहिली. घरी बसून जीव आंबायला लागला, तेव्हा तिनं मुरलीपुऱ्यातल्या बायकांना जमवून धुलाईची सहकारी संस्था काढली. पुढे सरकारनं अशा संस्थांसाठी योजना आणली, त्यात त्यांची संस्था 'आदर्श' ठरली, आणि तिथूनच पीडा मागे लागली. योजनेच्या कार्यालयातले मनोहरजी कधी प्रशिक्षणाला बोलवायचे, कधी पाहुणे घेऊन यायचे. दर वेळी मशीन बंद आणि बायका एकसारख्या साड्या नेसून सतरंजीवर.

"शालिनीजी, उद्या बाहेरच्या राज्यातले पाहुणे येताहेत. थोडा वेळ काम थांबवा."

"धुलाई बघायला येणार, आणि धुलाईच थांबवायची?"

"मतलब, आवाज फार होतो ना. भाषण ऐकू येत नाही."

तिनं फोन जवळजवळ आपटलाच. संस्थेची अध्यक्ष यमुना शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मागच्या खेपेला चादरी उशिरा गेल्या, तर आमेरवाल्यानं निम्मं काम दुसऱ्याला दिलं. उद्या एकही मशीन थांबणार नाही, दीदी."

पाहुणे आले तेव्हा खोली वाफेनं भरली होती. मनोहरजी मशीनच्या घरघरीवर ओरडून योजनेचं कौतुक सांगत होते. पाहुण्यांतल्या एका बाईंनी शालिनीला विचारलं, "सरकारकडून तुम्हाला काय हवं?"

"काम!" शालिनी म्हणाली. "सरकारी कार्यालयांनी आधी आमच्यासारख्या संस्थांना काम द्यावं, असं ह्यांच्या योजनेतच लिहिलंय. तुम्ही उतरलात त्या सरकारी विश्रामगृहाच्या चादरी मात्र ठेकेदार धुतो. का, ते ह्यांनाच विचारा."

मनोहरजी चष्मा पुसत म्हणाले, "प्रोसेस चालू आहे."

"आमची संस्था 'आदर्श' ठरली तेव्हाही चालूच होती," यमुना म्हणाली.

पुढच्याच महिन्यात 'आदर्श'चा मान दुसऱ्या संस्थेला गेला.

"अहो, खरं बोलले म्हणून काढून घेतला!" शालिनी घरी येऊन तणतणली.

"मग आता पाहुणे त्यांच्याकडे जाणार ना?" उमाकांतनं विचारलं. "बरंच झालं की."

"बरं काय त्यात? त्या बिचाऱ्यांची कामं बुडतील आता!"

दिवाळीच्या तोंडावर विश्रामगृहातून एक टेम्पो आला. त्यात नुसते पडदे होते. चादरींचं काय, असं विचारल्यावर ड्रायव्हरनं निरोप सांगितला, "आधी प्रशिक्षण घ्यावं लागेल. सरकारी कामं कशी मिळवायची, त्याचं."

यमुनाला हसू आवरेना. शालिनीला मात्र हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

"त्यांना म्हणावं, आम्हाला सवड नाही," ती म्हणाली. "पडदे गुरुवारी न्यायला या."

पडदे इतके मळले होते की पहिल्या पाण्याचा नुसता चिखल झाला. यमुनानं ते ओतून दिलं आणि दुसरं सोडलं.