मातीविना मेथी

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मानसीनं टेबल मांडलं होतं. बंद खोलीत, मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर आणि दिव्यांच्या उजेडात तिनं वाढवलेली ही पहिलीच मेथी. लोक थांबत, जुडी उचलत, पांढरीशुभ्र मुळं न्याहाळत आणि "छान आहे हो" म्हणून परत ठेवत. मानसीचा चेहरा उतरत चालला होता.

मीही घुटमळत होते. घरी आल्यावर भाजीची माती आपण पाण्यावर पाणी घालून धुऊन काढतो; पण तीच माती दिसली नाही, तर भाजीवर विश्वास बसत नाही. असं का होत असावं? चव मातीतून येते, की बी ती स्वतःबरोबरच घेऊन येतं?

तेवढ्यात शेजारच्या कुसुमताई आल्या. त्यांचं अर्धं आयुष्य शेतात गेलेलं. त्यांनी जुडी हुंगली. "वास बेताचाच आहे गं," म्हणाल्या आणि एक पान खुडून तोंडात टाकलं. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"कडू आहे," त्या म्हणाल्या.

मानसीनं मान खाली घातली.

"अगं, मेथी कडूच असायला हवी! दोन जुड्या दे मला."

मग मीही एक पान मागून घेतलं आणि सावकाश चावलं. खरंच, छान कडू होतं.