अर्धा स्लॅब

पंच्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत बेटावर जेर्वेझ वादळ आलं आणि बों अक्योय गावातल्या निम्म्या घरांचे पत्रे उसाच्या शेतांत जाऊन पडले. अनुसयाच्या घराचा एकही पत्रा जागेवर राहिला नाही. वादळ ओसरल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने, गजेंद्रने, शेतांतून पत्रे वेचून आणले, ठोकून सरळ केले आणि पुन्हा चढवले. शेवटचा खिळा मारून झाल्यावर ती म्हणाली, "पुन्हा हे काम मी करणार नाय. पुढच्या खेपेला डोक्यावर सिमेंट पायजे."

तिथून पुढे ती स्लॅबसाठी राबली. दुसरं काही तिने मनात धरलं नाही.

तोवर ती साखर इस्टेटीच्या शेतात होती. तण काढायचं, दगड वेचायचे, उसाला खत घालायचं. सिरदार, म्हणजे मुकादम, प्रत्येकीला एक ओळ नेमून द्यायचा. अनुसयाची ओळ सगळ्यांच्या आधी संपायची. मग ती बांधावर बसून बाकीच्यांची वाट बघायची. मागे राहिलेलीला हात द्यायला ती कधी उठली नाही. धाकटी जाऊ कुंती बहुतेक शेवटी असायची, तिलाही नाही. "ज्याची ओळ त्याने काढावी," एवढंच तिचं म्हणणं. ती आळशी नव्हती आणि तिला आळस खपत नव्हता.

पुढच्या वर्षी जवळच लोकरी स्वेटरांचा कारखाना निघाला. गावात कारखान्याला लिझिन म्हणत. पहाटे व्हॅन यायची, बायका-पोरी भरून न्यायची. अनुसया पहिल्याच व्हॅनमध्ये होती. महिनाभराने तिने कुंतीलाही नेलं.

काम होतं स्वेटरला कॉलर जोडायचं. मशीनवर एक फिरती चकती, तिच्या कडेने बारीक सुया. कॉलरचा एकेक टाका एकेका सुईवर चढवायचा. एक टाका चुकला की पहिल्या धुण्यात स्वेटर उसवत जातो. कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांनी अनुसया हे शिकली. रोज संध्याकाळी ती बोटं तेलात बुडवून ठेवायची, म्हणजे कातडी लोकरीला अडकू नये. डोकं वर करायची नाही. पाण्याला उठायची नाही. बघता बघता तिच्या हाताला तोड राहिली नाही.

लिझिनने गावात पैसा आणला, हे खोटं नाही. ज्या घरांत साखरेचा हंगाम संपला की चूल थंड असायची, तिथे गॅस आला. पोरी सायकल घेऊ लागल्या, काहींच्या घरी टीव्ही आला. मोठे साहेब भाषणात म्हणायचे की लिझिन गरिबी हटवते. ती हटवत होती. कुणाची हटवायची, हे मात्र तीच ठरवत होती.

अनुसयाच्या भिंती वर आल्या. आधी दगडी जोतं, मग ब्लॉक, मग खांब. खांबांच्या डोक्यावर सळया उघड्या उभ्या होत्या. फक्त स्लॅब राहिला होता.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जुलैत, बातमी आली की लिझिनमध्ये घड्याळवाला येणार, घड्याळ लावून हाताचं काम मोजणारा. परदेशातून माल वाढवून मागितला होता. माणसं तेवढीच ठेवून, किंवा कमी करून, काम जास्त काढायचं होतं. त्या संध्याकाळी अंगणातल्या नळावर कुंती तांदूळ धुवायला आली.

"वैनी, उद्या तो तुमच्याच मशीनपाशी उभा राहणार म्हणे."

"राहू दे."

"तुमच्या कॉलर मोजणार आणि तोच सगळ्यांचा कोटा करणार."

"मग?"

"मग काय मग. उद्याच्या दिवस जरा हात राखा. आम्ही काय तुमच्यासारख्या राक्षसिणी नाय."

अनुसया हसली. "शेतातपण तू माझ्या मागेच होतीस."

"मागे होते, पण होते ना? शेतात मागे राहिलं तर सिरदार शिव्या देतो. इथे घरी बसवतात."

"मग हात उचल की. इतकी वर्षं काय केलंस?"

"काम केलं. माझा टाका सुटलेला कधी बघितलात? आजवर एक स्वेटर माघारी आला नाय माझा. पण मला तुमच्याएवढं भरभर जमत नाय. विद्यावतीला नाय, निर्मलाला नाय. वैनी, तुमच्या भाऊजींना काम नाय. माझ्या पगारावर चूल पेटते. तुम्हाला ठाऊक हाय."

अनुसयाने भांडं घासून पालथं घातलं. "बघू," ती म्हणाली.

कुंतीने त्याचा अर्थ होय असा घेतला.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाला आला. त्याच्याबरोबर साहेब होता. साहेबाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की जिचा हात सर्वांत चांगला, तिला सुपरवायझर करणार. मग ते दोघे अनुसयाच्या मागे येऊन उभे राहिले.

कुंती समोरच्या मशीनवर होती. तिने अनुसयाकडे बघितलं. अनुसयानेही तिच्याकडे बघितलं. सुपरवायझरच्या पगारात सळया आणि सिमेंट या वर्षीच होत होतं, वादळांचा मोसम यायच्या आत. पण नुसतं तेवढंच नव्हतं. माणूस मागे उभा राहून आपला हात बघतोय आणि आपण मुद्दाम हळू करायचं, हे तिला शरमेचं वाटलं. तिने मान खाली घातली आणि रोजच्यापेक्षा भरभर काम केलं.

तोच कोटा ठरला. पहिल्या आठवड्यात बायका जेवायची सुट्टी सोडून मशीनवर बसल्या. दुसऱ्या आठवड्यात घाईने टाके सुटू लागले, पगार कापला जाऊ लागला. महिन्याने साहेबाने ज्यांना काढायचं त्यांची नावं सुपरवायझरला तोंडी सांगितली. सुपरवायझर अनुसया होती.

ती कुंतीच्या मशीनपाशी गेली. साहेब दोन पावलांवर उभा होता. घरात, अंगणात, शेतात दोघी जन्मभर मराठीत बोलल्या होत्या. अनुसया साहेबाला कळणाऱ्या क्रिओलमध्ये म्हणाली, "दिमें पा विनी."

उद्या येऊ नकोस.

कुंतीने हातातली कॉलर आधी पुरी केली, टाके तपासले, स्वेटर टोपलीत ठेवला. मग मराठीत म्हणाली, "हे घरी सांगता आलं असतं, वैनी."

परतताना व्हॅन अर्धी रिकामी होती. "कामात उणं होतं ते गेलं," अनुसयाने गजेंद्रला सांगितलं. "मी कुणाचं काय घेतलं?" कुंती पुन्हा उसाच्या शेतात जाऊ लागली. अंगण एकच होतं. दोघी एकमेकींना दिसायच्या, भांडी द्यायच्या-घ्यायच्या. भांडण असं झालंच नाही. अनुसयाला वाटलं, विषय मिटला.

ऑक्टोबरात स्लॅबचं सामान आलं. गवंडी यशपालने सेंट्रिंग लावलं, सळया बांधल्या. स्लॅब एका दमात ओतावा लागतो. मध्ये थांबलं की जुना आणि नवा माल एकजीव होत नाही. म्हणून गावात रीत आहे. स्लॅबच्या दिवशी सगळं गाव येतं. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि कालवण, काम संपल्यावर पुरुषांना रम. जमिनीवरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा स्लॅबच्या दिवशी एकमेकांच्या हातात बादली देतात. अर्ध्यावर स्लॅब सोडून गेलेला माणूस बों अक्योयमध्ये कुणी बघितला नव्हता.

गजेंद्र घरोघर सांगून आला. सगळे हो म्हणाले. रविवारी उजाडताच सगळे आलेही. कुंतीचा नवरा सत्यदेव माल कालवायला उभा राहिला. बायकांनी ढिगापासून शिडीपर्यंत रांग धरली. विद्यावती, निर्मला, काढलेल्या सगळ्या जणी. शिडीच्या तोंडाशी कुंती. अनुसयाने ती रांग बघितली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने पदर खोचला आणि स्वतः रांगेत शिरली.

बादल्या वर जात होत्या. वर यशपाल सळईने माल खोचत होता, फळीने सारखा करत होता. पुढची खोली झाली, दुसरी निम्म्यावर आली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा जेवण झालं. सगळे पोटभर जेवले. कालवण चांगलं झालंय असं विद्यावतीने दोनदा सांगितलं. सत्यदेवने नवा ढीग कालवून तयार ठेवला होता.

हात धुऊन कुंती रांगेकडे आली. तिने आपली बादली उचलली, विसळली आणि पालथी घातली.

"आमचा कोटा भरला, वैनी," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. विद्यावतीने बादली पालथी घातली. मग निर्मलाने. मग एकेक करून सगळ्यांनी. पुरुषांनी फावडी भिंतीला टेकवली. कुणी घाई केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. ते कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले, कारण बघायचंही होतं.

"अरे, असं कधी झालंय का?" यशपाल वरून ओरडला. "माल कालवलेला हाय. शिव्या नंतर घाला, आधी हे उचला."

"आम्ही हळू हाय, यशपालदादा," विद्यावती म्हणाली. "आमच्या हातून कोटा पडायचा नाय. जी भरभर हाय तिला सांग."

सत्यदेव ढिगापाशी एकटा उभा होता. "सत्या," गजेंद्र म्हणाला, "बापाच्या जागेवरचं घर हाय." सत्यदेवने फावड्याकडे बघितलं, मग बायकोकडे. मग तोही निघून गेला.

अनुसयाने एकालाही हाक मारली नाही. तिने बादली भरली. शिडीच्या तळाशी गजेंद्र, वर यशपाल, आणि ती. ढिगापासून शिडीपर्यंत धावायची, परत यायची, भरायची. असं काम गावात कुणी कुणाला करताना बघितलेलं नव्हतं. पण ज्या कामाला चाळीस हात लागतात ते सहा हातांचं नव्हे. ऊन तापत गेलं. ढिगावर फावडं मारलं की आधी चरचर आवाज यायचा, मग टण् असा येऊ लागला. तिने त्यात पाणी ओतलं.

यशपालने वरून हात आडवा केला. "पाणी घालू नका. मेला तो माल."

"घ्या. अजून ओला हाय."

"हा मी नाय घालणार. उद्या तुमच्याच डोक्यावर पडेल." तो फळी लावून कडा सरळ कापू लागला. "आज इथे थांबायचं."

तिने तरीही बादली वर धरली. तो घेईना. शेवटी गजेंद्रने ती तिच्या हातांतून काढून घेतली. कुंपणाबाहेरची माणसं मग घरी गेली.

दिवेलागणीला कुंती आपलं मोठं पातेलं न्यायला आली. भातासाठी तिचंच पातेलं आणलेलं होतं. अनुसया पायरीवर बसली होती. हातांना सिमेंट चिकटून वाळलं होतं, बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं.

"सकाळपासून आला नसतात तर मी मजूर लावले असते," अनुसया म्हणाली.

"म्हणून तर आलो."

"जेवलात माझ्या घरचं."

"सकाळभर राबलो त्याचं जेवलो."

"माझ्या जागी तू असतीस तर त्या दिवशी हात राखला असतास?"

कुंतीने पातेलं कडेवर घेतलं. "मी तुमच्या जागी कधी नव्हतेच, वैनी. मी समोर होते. तुम्ही बघितलं होतं मला."

सोमवारी अनुसया बोटांना चिंध्या बांधून व्हॅनमध्ये बसली. डिसेंबरात पाऊस आला. उरलेल्या निम्म्या घरावर गजेंद्रने तेच जुने पत्रे चढवले. तिने खालून खिळे दिले.

माफी तिने मागितली नाही. गावानेही नाही. दीड वर्षाने तिने लांबच्या शमें ग्रेनिए गावाहून मजूर आणून, मजुरी मोजून, उरलेला स्लॅब ओतला. पुढे लिझिनांना हात कमी पडू लागले. कुंतीला दुसऱ्या लिझिनने बोलावून नेलं, तिथे तिच्या न सुटणाऱ्या टाक्याला किंमत होती. शहाऐंशी साली कुंतीचा स्लॅब झाला. गाव आलं, उन्हं कलायच्या आत ओतून झाला. गजेंद्र बादल्या द्यायला गेला होता. अनुसयाला कुणी सांगितलं नाही. अंगण एकच असल्यामुळे ती दार लावून आत बसली.

तिच्या घरात, दुसऱ्या खोलीच्या मधोमध, छताला एक सरळ रेघ आहे. यशपालने जोड चांगला कापला होता, पण पावसाळ्यात तो पाझरतोच. त्या रेघेखाली ती पलंग ठेवत नाही. घरात कुणी तिथे बसतही नाही.