पुढे बंदुकीवाला

सहदेव राऊळकडे पाहुणा गेला की आधी पाणी, मग चहा आणि मग रायफल, असा क्रम ठरलेला होता. पाहुण्याला बंदुकीत रस आहे का, हे विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. विमा एजंट असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला लांबचा मेहुणा असो, सहदेव लोखंडी कपाट उघडायचा, खाकी कॅनव्हासचं कव्हर बाहेर काढायचा आणि पलंगावर धुतलेली चादर अंथरून तिच्यावर रायफल ठेवायचा. त्याची बायको नलिनी स्वयंपाकघरातून म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा चादर नव्हती हो अंथरली कुणी."

मुलुंडला डोंगराच्या बाजूच्या त्या इमारतीत कुणाकडे रंगीत टीव्ही होता, कुणाकडे स्कूटर होती. रायफल एकट्या सहदेवकडे. तीनशे पंधरा बोअरची, बोल्ट ॲक्शनची, शिकारीची. कुडाळकडच्या गावी त्याची थोडी भातशेती होती आणि डुकरं ती लोळवून टाकत, म्हणून लायसन मिळालेलं. एक डुक्कर त्याने पाडलंही होतं. त्या डुकराचं वजन दर वर्षी थोडं वाढत असे, हा भाग वेगळा.

पण खुद्द रायफलविषयी तो कधी फेकाफेक करत नसे. कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. लोखंडाबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ रेटत नसे. आधी दोषच सांगायचा. "घोडा कडक आहे हिचा, बोट दुखतं. वजन दिसतं त्याहून जास्त. आणि नवी आणली तेव्हा हिच्या लाकडापेक्षा फळांची पेटी बरी होती. दोन हिवाळे जवसाचं तेल चोळलंय, तेव्हा हा रंग आलाय." मग आवाज जरा खाली आणून तो बोल्टकडे वळायचा. दांडा वर, मागे, पुढे, खाली. "ऐका. गोदरेजच्या कपाटाचं हँडल बसतं ना, तसा बसतो. एवढ्या वर्षांत एकदा अडकला नाही. आणि मारते जिथं बघाल तिथं." नळी रिकामी आहे हे दोनदा दाखवून झालं, की तळहाताच्या फोडासारखी जपत तो ती परत कव्हरात घालायचा.

हा सोहळा चालू असताना सहदेवचे वडील, धाकू राऊळ, कोपऱ्यात उभे असत. आधी बसलेले असले तरी रायफल बाहेर आली की उठत. पाहुणा म्हणे, "बसा हो बाबा." बाबा हसत, पण बसत नसत. ते का उभे राहतात हे सहदेवला पक्कं माहीत होतं.

उमेदीची सगळी वर्षं धाकूने खोतांची बंदूक वाहिली होती. गावाची शिकार निघाली की खोत पुढे, हातात फक्त पानाचा डबा; मागे एक पाऊल अंतर ठेवून धाकू, खांद्याला खोतांची बंदूक. डोंगर चढायचा धाकूने, बंदूक चढवायची धाकूने. जागेवर पोचल्यावर ती खोतांच्या हातात द्यायची आणि आपण बाजूला बसायचं. खोती रद्द करणारा कायदा आला, खोती गेली, तरी धाकू बंदूक वाहतच राहिला. सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात. इथे सुंभ खोतांचा जळला आणि पीळ राहिला धाकूच्या पाठीत. बंदुकीचं वजन धाकूच्या खांद्याला ठाऊक, धक्का खोतांच्या. धाकूने आयुष्यात एक गोळी घातली नव्हती.

सहदेवने रायफल घेतली ती डुकरांसाठी, असं लायसनवर लिहिलेलं होतं. खरं म्हणजे घेतली होती ती बाबांसाठी. राऊळांच्या घरात बंदूक आली, मालकीची आली, आणि बाबांनी ती मालकासारखी खांद्याला लावून एकदा तरी गोळी घातली, एवढं त्याला बघायचं होतं. बाबा मात्र तिला हात लावत ते फक्त वाहायला. गेल्या वर्षापासून त्यांच्या हाताला बारीक कंप सुटला होता. चहाची बशी वाजायला लागली होती. आता नाही तर कधीच नाही, हे सहदेवला दिसत होतं.

चौऱ्याऐंशीच्या शेवटी लोकसभेची निवडणूक लागली आणि नेहमीप्रमाणे लायसनवाल्यांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. सहदेवने रायफलला भरपूर तेल पाजलं, फलालीनमध्ये गुंडाळली, कव्हरात घातली. तेवढ्यात बाबा टोपी घालून दारात हजर. त्यांनी कव्हर उचललं, नळी वर करून खांद्याला टेकवलं आणि म्हणाले, "चल."

रस्त्यावर आल्यावर सहदेव पुढे, बाबा एक पाऊल मागे. सहदेव थांबला, बाबा थांबले. तो हळू चालायला लागला, बाबाही हळू. शेवटी भाजी मार्केटसमोर दोघं मागेपुढे नुसतेच उभे राहिले आणि कोथिंबीर घेणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"बाबा, माझ्या बाजूक चला. लोक बघतत," सहदेव दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत," बाबा म्हणाले. "पुढे बंदुकीवालो, मागे बंदूक. तशीच रीत आसा. तू चल."

पोलीस ठाण्यात हवालदाराने लायसन पाहिलं, नंबर पाहिला. मान वर न करता तो सहदेवला म्हणाला, "तुमच्या गड्याला सांगा, त्या टेबलावर ठेव म्हणावं."

सहदेवची कानशिलं तापली. "गडी नाहीत ते. माझे वडील आहेत."

हवालदार बिचारा ओशाळला. उठून त्याने खुर्ची पुढे केली, "माफ करा हां बाबा," म्हणाला. बाबांनी मात्र रायफल टेबलावर अशी अलगद ठेवली, जणू देवाची पालखी उतरवतायत, आणि खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चेहरा तर असा खुललेला, की सहदेवला राग आवरेना. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तो तुमका गडी म्हणालो! आणि तुमी हसतास?"

"हसतंय तर!" बाबा म्हणाले. "खोताची बंदूक वाहिलंय, तेव्हा कोण मान वर करून बघी नाय. आज माझ्या झिलाची बंदूक वाहतंय. झील बंदुकीवालो झालो, त्याच्या मागसून गडी चलता, ह्यां त्या हवालदाराक दिसलां. माका लाज कसली?"

बाबांनी मान ताठ ठेवावी एवढंच सहदेवला हवं होतं, आणि बाबा त्याच्या अभिमानानेच फुलून एक पाऊल मागे चालत होते. आता भांडायचं कुणाशी? घरी गेल्यावर त्याने नलिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोघंही सारखेच हट्टी. पण तुमच्यापेक्षा ते चांगल्या मनाने हट्टी आहेत."

त्या वर्षी निवडणुका एकीमागून एक लागल्या. रायफल घरी आली ती थेट पुढच्या उन्हाळ्यात. सहदेवने ती उघडली, दिव्याखाली धरून नळीतून पाहिलं, एक डाग नव्हता. येत्या रविवारी बाबांना घेऊन क्लबात जायचं त्याने ठरवलं. बोरिवलीच्या बाजूला एका जुन्या दगडाच्या खाणीत रायफल क्लबाची नेमबाजी चालायची. क्लबाचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणून होते, मोठे हौशी गृहस्थ. "बाबांना आणतोय, एक गोळी घालू द्या," सहदेवने आधीच परवानगी काढून ठेवली होती.

बाबा आले ते अर्थातच रायफल वाहायला. खाणीत उतरेपर्यंत एक पाऊल मागे. सहदेवने उंच बाकावर वाळूची पिशवी मांडली, गोळी भरली आणि बाजूला सरकून म्हणाला, "बाबा, या."

बाबांनी दोन्ही हात मागे घेतले. "माका नको."

"एकच गोळी."

"ह्यां माझां काम नाय, सहदेव. लोकांसमोर कशाक माझी फजिती करतंस?"

क्लबातली माणसं सभ्य होती, तिकडे बघत नसल्याचं दाखवत होती. सहदेवला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. मग त्याच्या मनात एक गोष्ट आली आणि तो सरळ ताठ उभा राहिला.

"बाबा, मी कोण?"

"ह्या काय विचारणा झाला?"

"सांगा तर. बंदुकीवालो मा?"

"तर! तूच बंदुकीवालो."

"आणि बंदुकीवालो सांगता तां मागच्यान ऐकाचा. होय मा?"

बाबा बघत राहिले. आपण कुठे सापडलो ते त्यांच्या लक्षात आलं, पण उशिरा.

"मगे बंदुकीवालो सांगता," सहदेव म्हणाला, "आज गोळी तुमी घालूची."

बाबांनी टोपी नीट केली. बाकाशी आले. रायफलचा दस्ता खांद्याला लावला आणि हलवून नीट बसवला, जिथे आयुष्यभर नळी टेकली होती त्याच्या जरा खाली. हाताचा कंप पिशवीत मुरला. डोळा बारीक झाला. इतका वेळ गेला, की चंद्रप्रकाश हळूच म्हणाले, "काका, घाई नाही हां." काकांना ते ऐकूही गेलं नाही.

गोळी सुटली. खाण दणाणली, कावळे उठले, टोपी मागे पडली. धाकू राऊळ एक पाऊल मागे आले, पण पडले नाहीत.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. निशाणाकडे डोळे लावलेले असतानाच, मान जराही न वळवता, त्यांनी रायफल नळी वर करून उजव्या बाजूला पुढे धरली. लहानपणी शिकारीमागे पळणाऱ्या सहदेवने हे पाहिलेलं होतं. खोत गोळी घातल्यावर असंच करत. बंदूक घ्यायला बाजूला माणूस असणारच, तेव्हा बघायचं कशाला? खोतांना कधी वळून बघावं लागलं नाही. बाबांचा हात तसाच पुढे होता. कंप पुन्हा सुरू झाला होता, पण हात खाली येत नव्हता.

सहदेवने झटकन पुढे होऊन दोन्ही हातांनी रायफल घेतली. बोल्ट उघडला, पुंगळी बाहेर उडाली. त्याच्या डोळ्यांना काही धड दिसत नव्हतं.

"लागली!" चंद्रप्रकाश दुर्बिणीतून ओरडले. "कागदाच्या कोपऱ्यात आहे, पण लागली बरं का!"

बाबांनी टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली. कुणाला काही न विचारता ते खाणीच्या वाटेला लागले, हात पाठीमागे बांधून, रिकामे. रायफल खांद्याला लावून सहदेव त्यांच्या मागे निघाला. चार पावलं गेल्यावर त्याला कळलं, की आपण एक पाऊल अंतर ठेवून चालतोय. त्याने ते तसंच ठेवलं.

"घोडो लय कडक आसा," बाबा पुढे बघतच म्हणाले. "आणि लाकूड खांद्याक टोचता. घासून घे जरा."

"होय बाबा."

"घरी गेल्यार आधी नळी साफ कर. मगे जेवाक बस."

"होय," सहदेव म्हणाला. एवढ्या आनंदाचं काम त्याला उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.