पडवीतली ताटली

थोरले दीर स्वतः गुलबर्ग्याला आले, तेव्हाच मी ओळखलं. गाणगापूर सोडून ते सहसा हलत नसत. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुझी अक्का गेली. हिवताप भरला होता..."  

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं घर पुजाऱ्यांचं. दत्ताला येणारे यात्रेकरू आमच्याकडेच जेवत, त्यामुळं स्वयंपाक कडक सोवळ्यात. पाळीत बाजूला बसलेल्या बाईनं पडवीत राहायचं, तिथल्या कोनाड्यातल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटलीत जेवायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का पडवीतच होती. आत आली, आणि आठवड्यात पुन्हा बाहेर. दुसऱ्या बाळंतपणापासून तिला मधूनच लाल डाग दिसे. सासूबाईंच्या लेखी डाग म्हणजे विटाळ. अक्कासारखी पुरणपोळी घरात कुणाला जमत नसे, पण ती उंबऱ्याबाहेरून सांगायची, "कणीक घट्ट झाली बघ, तेल घाल." तिची पोरंसुद्धा लांबून बोलत.

आम्ही गुलबर्ग्यात बिऱ्हाड केल्यावर मी तिला दवाखान्यात नेलं. हैदराबादकडच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी आतली नाजूक लाल त्वचा बाहेर आलेली असते, दिसते जखमेसारखी, पण ती जखम नव्हे, पुष्कळ बायकांना असते, असं त्यांनी समजावलं. धक्का लागला तर थोडं रक्त येतं. वाढलं तर मात्र पुन्हा येऊन दाखवायचं. "बीमारी नहीं है अम्मा. दवा कायको?"

मला बरं वाटलं. अक्काचा चेहरा उतरला.

"जाळून टाकत्यात म्हणं तसलं. जाळा की बाई. मी वरडणार न्हाई."

"जो बिगड्याच नहीं, उसको कायको जलाना?" बाई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

 टांग्यात ती म्हणाली, "रोग असता तर बरा तरी झाला असता ग. आता घरी काय सांगू?"

घरी मीच सांगितलं, की हा आजार नाही आणि विटाळही नाही. सासूबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय? तुझी डॉक्टरीण सोवळ्यात जेवती का?" विषय संपला.

पुढं सासूबाई गेल्या. घरात अक्काच मोठी झाली. वयाबरोबर डागही थांबले होते. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं. सणाला मी गेले की पोळ्या तीच लाटायची, सगळ्यांना वाढायची, आणि मग स्वतःची ताटली घेऊन पडवीत जायची.

"अक्का, आता कामून बाहेर बसायलीस?"

"बसू दे ग. आत घास उतरंना झालाय."

मी फार समजावत बसले नाही. समजावून उतरण्यातला तो घास नव्हता.

तेराव्याला भांडी आवरताना मी कोनाड्यातली ताटली काढली आणि आतल्या भांड्यांत ठेवायला निघाले. अक्काची लेक वाटेत आली. "काकू, ती आत नको. बाहेरची हाय ती."

मी ताटली पुसली आणि माझ्या पिशवीत टाकली. आता ती इथं, माझ्या मांडणीत, पितळेच्या ताटांच्या मधोमध असते. हे कचेरीत गेले की घरात कुणी नसतं. दुपारी मी चुलीपाशी पाट मांडते, त्या ताटलीत वाढून घेते आणि जेवते... अगदी आत बसून.