चालत्या बोटीवर उतरवलेला ड्रोन

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. धरणावरच्या त्या बाईचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की आजही डोकं तापतं.

निवृत्ती जवळ आली होती. माझी नेमणूक नाशिकच्या पश्चिमेकडच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्यात होती. हद्दीत धरणाच्या पाण्याचा मोठा फुगवटा होता. सुट्टीच्या दिवशी शहरातून गाड्यांची रांग लागायची, आणि लग्नाआधीचं शूटिंग करणारे तर रोजचेच. जमिनीवर लोळणारे गाऊन, रंगीत धुराच्या कांड्या, फुलांनी सजवलेली बोट आणि वर घोंगावणारा ड्रोन. त्यांच्याबद्दल तक्रारी यायच्या त्या पार्किंगच्या, नाहीतर दारूच्या. ड्रोनबद्दल कधी कोणी तक्रार केली नव्हती.

एके सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो. आदल्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलकडून एक खबर आली होती. मासे धरताना दगडावर पडून एका बाईच्या डोळ्याला इजा, कोणाविरुद्ध तक्रार नाही. अशा खबरी येतात आणि फायलीला लागून जातात. तेवढ्यात वॉर्डातल्या एका नर्सचा फोन आला.

"साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका," ती म्हणाली. "ती बाई दगडावर पडलेली नाही. भुवईपासून गालापर्यंत एकाला लागून एक बारीक काप आहेत. काल एक माणूस तिला भेटून गेला, तेव्हापासून ती बोलेनाशी झाली आहे."

महिला हवालदाराला घेऊन मी लगेच निघालो. बाई काठावरच्या आदिवासी वाडीतली, चाळिशीची. स्वतःच्या होडीतून जाळी टाकायची. डाव्या डोळ्यावर पट्टी, पायाशी नवरा बसलेला. दगडावर पडल्याचंच तिनं मलाही सांगितलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. गणवेशातल्या पुरुषासमोर घाबरलेलं माणूस खरं बोलत नाही, हे मला माहीत होतं. हवालदार बाईंनी मुलांची चौकशी केली, जाळी कोण विणतं ते विचारलं, आणि हळूहळू ती बोलू लागली. मग त्यांनी मला आत बोलावलं.

संध्याकाळी ती जाळं ओढत होती. सजवलेली मोटरबोट लांबून वळसे घेत होती. तिच्यातून उडालेला ड्रोन बाईच्या डोक्यावर आला, गेला, पुन्हा खाली आला. तिनं हात हलवून त्याला हाकललं. तिसऱ्यांदा तो थेट तोंडासमोर आला आणि डोळ्यात आग पडली. ती ओरडली. "बोटीतल्यांनी बगितलं, साहेब," ती मला म्हणाली. "मंग बोट वळली आन गेली." नवऱ्यानं काठावरून आरडाओरडा ऐकला, पोहत जाऊन होडी काठाला आणली आणि कोणाच्या तरी पिकअपमध्ये घालून तिला नाशिकला नेलं.

भेटायला आलेला माणूस स्टुडिओचा मालक होता. त्यानं तिला सांगितलं होतं, तुझ्याकडे मासेमारीचा परवाना नाही, ड्रोनचं नाव काढलंस तर पोलीस होडी आणि जाळी जप्त करतील. हे साफ खोटं होतं. मासेमारीचा ठेका तिच्याच मच्छीमार सोसायटीकडे होता आणि ती सोसायटीची सभासद होती. तिचा एक डोळा घेऊन वर तिला आमची भीती घातली होती, याचा मला जास्त संताप आला. तुझ्या होडीला कोणी हात लावणार नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिथंच जबाब दिला.

गुन्हा दाखल केला, जागेचा पंचनामा केला. फुलांची बोट शोधायला वेळ लागला नाही; ड्रोन बोटीतूनच उडवला, असा बोटवाल्यानं जबाब दिला. मालकाला आणि ड्रोन उडवणाऱ्या मुलाला ठाण्यात बोलावलं. मालक खुर्चीत बसतो न बसतो तोच एका पुढाऱ्याचा फोन आला. धंदा करून खाणारी माणसं आहेत, किरकोळ अपघात आहे, समजुतीनं मिटवा. डॉक्टरांनी त्याच दिवशी कळवलं होतं की डोळा वाचणार नाही. मी पुढाऱ्याला तेवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. आधी दोघंही म्हणाले की ड्रोन काठावरून उडवला, त्या बाजूला गेलाच नाही. बोटवाल्याचा जबाब वाचून दाखवल्यावर दोघांनी अगदी एकसारखी दुसरी कहाणी सुरू केली. म्हणजे ती आधीच ठरलेली होती.

"साहेब, बॅटरी उतरली की ड्रोन जिथून उडवला तिथंच आपोआप परत जातो," मालक म्हणाला. "आम्ही चालत्या बोटीतून उडवला. बोट पुढं गेली, तो मागं गेला, तिथं ती बाई होती. नंतर तो पाण्यात बुडाला. मशीननं केलं, त्याला माणूस काय करणार?"

कहाणी पटण्यासारखी होती. आमच्या सायबर शाखेतल्या जाणकारानंही दुजोरा दिला. ड्रोन उड्डाणाची जागा लक्षात ठेवतो, खालची बोट सरकली हे त्याला कळत नाही. हे मान्य झालं असतं तर प्रकरण निव्वळ निष्काळजीपणावर थांबलं असतं.

मी त्या मुलाकडे गेलो. पंचविशीतला असेल, हातात कला असलेला. आरोपाचं काहीच न काढता मी त्याला विचारलं, मग एरवी चालत्या बोटीवर ड्रोन उतरवतोस तरी कसा? तो खुलला. बोट वाऱ्यासमोर, एका संथ वेगात ठेवायला सांगायची. ड्रोनचा वेग बोटीशी जुळवून घ्यायचा, डोक्याच्या जरा वर स्थिर करायचा आणि खालून हातानं धरायचा. डेकवर उतरवायला जायचंच नाही, बोट हलली की तो उलटतो. सांगताना त्यानं उजवा हात वर करून धरून दाखवला. दोन बोटांना पट्ट्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"ग्लास फुटला," तो म्हणाला, आणि हात टेबलाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी, त्या बोटीत जिचं शूटिंग चाललं होतं ती नवरी मुलगी वडिलांना घेऊन आपणहून ठाण्यात आली. मी तिला अजून बोलावलंही नव्हतं. वडील तिला गप्प करायला बघत होते. त्यांना बाहेर बसवलं. तिनं सांगितलं की ड्रोन बुडाला नाही. बाईला लागल्यावर तो थरथरत बोटीवर आला, त्या मुलानं हातानं धरला, त्याचीही बोटं कापली. "मी म्हणाले, मागं फिरा, त्या बाईला बघू. कोणी ऐकलं नाही. मालकच फोटो काढत होता, तो म्हणाला, मॅडम, जरा हसा, एक शेवटचा घेऊ."

स्टुडिओची झडती घेतली. ड्रोन पेटीत नीट ठेवलेला होता. चार पंख्यांपैकी तीन वापरून घासलेले, एक कोरा, नुकताच बदललेला. पंचांसमक्ष तो मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. तो टेबलावर ठेवल्यावर मुलगा रडायला लागला. मालकानंच सांगितलं होतं, असं तो म्हणाला, त्या बाईला हुसकव, फ्रेममध्ये येते. जो ड्रोन डोलणाऱ्या बोटीवर हाताच्या पंजात उतरतो, तो पूर्ण त्या मुलाच्या ताब्यात होता. मशीननं काहीच केलं नव्हतं.

मागं का फिरला नाहीत, असं मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, "सूर्य खाली चालला होता, साहेब. लाइट गेला असता." हे सांगताना त्याला जराही लाज वाटली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हाणामाऱ्या पाहिल्या, खून पाहिले. रागात, नशेत, भीतीत माणूस काय करतो ते मला समजतं. पण एका बाईला कावळ्यासारखं हुसकावायचं, ती रक्तबंबाळ झाल्यावर कॅमेऱ्याकडे तोंड करून हसायला सांगायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

जाणूनबुजून इजा केल्याचं कलम लावून दोषारोपपत्र पाठवलं. दोघांना शिक्षा झाली. माझ्या मते कमीच झाली. नवरी मुलीनं कोर्टात जबाब फिरवला नाही. तिचं ते लग्न झालं की मोडलं, मी विचारलं नाही. मालक सुटून आला आणि नव्या नावानं तोच धंदा करतो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच की समोरचं माणूस माणूस म्हणून दिसेनासं व्हायला वैर लागत नाही. ते आपल्या चित्रात आडवं आलं तरी पुरतं.

निकालाच्या दिवशी ती बाई कोर्टाच्या व्हरांड्यात नवऱ्याशेजारी बसली होती. शिक्षा किती झाली ते मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, एक हाक मारली आसती तर मी सरकले आसते. पानी लय मोठं हाय."