तुमनी जागा मोकळी शे

शनिवार, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. देवपूर, रेकॉर्डिंगची खोली. हजर: रेकॉर्डिंगवाले भाऊ, तिचे यजमान, तिची लेक आणि मी. गैरहजर: ती.

दोन वर्षांत आम्ही दोघींनी तीन अहिराणी गाणी केली. पोस्टरवर 'खान्देशच्या दोन बहिणी' छापलं होतं. नात्यानं आम्ही एकमेकींच्या कुणीच नव्हतो. ती देवपूरची, मी असोद्याची. दोघींनी बसनं अमळनेर गाठायचं आणि तिच्या मावशीच्या ओट्यावर सराव करायचा. बसच्या वेळा, साड्या, हळदीच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या माझ्या वहीत, सूर तिच्याकडे. माझी अहिराणी कच्ची. घाईत तोंडून 'आहे' निघायचं.

"ए केळीवाली, शे म्हण, शे!"

"आमच्या असोद्याच्या केळीसुद्धा 'हाये' म्हणतात."

"म्हनीसन वाकड्या शेतस त्या!"

माझ्या वहीतल्या प्रत्येक 'शे'भोवती तिनं लाल पेनानं गोल केला होता.

चौथं गाणं आखाजीच्या झोक्याचं. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि एक दिवस फोन आला, "या रविवारी म्हणून टाकू. आवाज शे तोवर."

मी वही उघडली. रविवारी केळीची गाडी भरायची, सोमवारी पुतणीला बघायला पाहुणे. "पंधरा दिवसांनी ठेवू," मी म्हटलं आणि तशी नोंदही केली. ती "बरं" म्हणाली.

ठरलेल्या दिवसाच्या चार दिवस आधी ती वारली. त्या रविवारी ती एकटीच जाऊन आपल्या ओळी म्हणून आली होती, हे मला दहाव्याला कळलं.

लेकीला उद्या झोक्यावर आईचं गाणं लावायचंय. म्हणून आज आले.

भाऊंनी हेडफोन दिला. "अक्का, तिनी बठ्ठं म्हनी ठेवेल शे. तुमनी जागा मोकळी शे."

तिचा आवाज आला, श्वास लागलेला. "मनी वाट कोन देखस?" माझी वाट कोण बघतं, असं ती विचारते. मग नुसता ताल, माझ्या ओळीपुरता. पुन्हा तिची ओळ, पुन्हा ताल. शेवटच्या मोकळ्या जागेआधी ती हळूच म्हणते, "आते शे म्हण बरं."

उत्तर सोपं आहे: मी शे ना, बहीण, मी शे.

भाऊंनी चार वेळा लावलं. चारही वेळा मी तोंड उघडलं. लेक म्हणाली, "राहू द्या, मावशी. सकाळी बघू."

कार्यक्रमाच्या साड्या लेकीला दिल्या, तिचा हार्मोनियम यजमानांना परत केला. वहीत दोन्हींवर खूण केली. माझ्या ओळी बाकी.