खाटेची चाळण

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच; कुणाविषयी लिहिण्याचे हे धाडस माफ करावे. दौंड स्टेशनवर पार्सल ऑफिसचे कारकून आप्पा मला रोज भेटत. ते बोटांत सुतळी गुंफून खाटेचा आकार करीत, मग एकच बोट सोडून तिची चाळण. “गणित हाय हे,” म्हणत.

एकदा तपासणीला साहेब आले. आप्पांचे दोन्ही हात सुतळीत गुंतलेले, सलाम कसा करणार? “साहेब, जरा धरा,” म्हणत त्यांनी खाट साहेबांच्याच बोटांवर चढवली. गाडी सुटायची वेळ झाली, सुतळी सुटेना. हमालाने साहेबांना तसेच डब्यात ढकलले.

“आप्पा, नोकरी गेली तुमची!” हमाल म्हणाला.

“व्हय. आन् सुतळीबी गेली.”

पण महिनाभर आप्पांनी खाट केली नाही. शेवटी साहेबांचे पत्र आले, ते त्यांनी मलाच फोडायला लावले. आत एकच ओळ होती: ‘चाळणीसाठी कोणते बोट सोडायचे?’